चौकात उतरलेला माणूस

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, चौक आला की सायकलवरून खाली उतरत. सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत त्यांनी तीस वर्षे सायकल चालवली. पण अलका टॉकीजच्या चौकात, जिथे लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता आणि शास्त्री रस्ता एकमेकांना भिडतात, ते कधी सायकलवर बसलेले मी पाहिले नाहीत. उतरायचे, हँडल धरायचे, पायी चालणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळायचे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टांग मारायची. आम्हा मुलांना तो भित्रेपणा वाटे. ते म्हणत, "चौकात सायकल चालवायची नसते, न्यायची असते."

निवृत्तीनंतर, १९९४ साली, त्याच चौकात पांढऱ्या पट्ट्यांवरून सायकल नेत असताना डावीकडे वळणाऱ्या एका टेम्पोने त्यांना उडवले. मांडीचे हाड मोडले, पाय कायमचा अधू झाला. पंचनाम्यात शब्द पडला 'सायकलस्वार'. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने तोच शब्द धरून ठेवला : पट्टे पादचाऱ्यांसाठी असतात, सायकलस्वाराचे तिथे काय काम? न्यायाधिकरणाने अपघातात अण्णांचीही हयगय धरली आणि भरपाईतला चौथा हिस्सा कापला. पैशांचे त्यांना फारसे वाटले नाही. त्या शब्दाचे मात्र वाटले. पुढे कैक वर्षे कुणी विचारले की ते एवढेच सांगत, "मी सायकलवर नव्हतो. सायकल माझ्याबरोबर होती."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी पुढे चौकांच्या कायद्याचा इतिहास वाचत गेलो. चौकात माणूस कोण असतो, हे कायद्याने कधी आणि कसे ठरवले, एवढेच मला पाहायचे होते.

सुरुवात लंडनमध्ये होते. १० डिसेंबर १८६८ रोजी तिथल्या पार्लमेंटजवळच्या चौकात जगातला पहिला रहदारीचा सिग्नल उभा राहिला. तो सुचवला होता रेल्वेतले अधिकारी जॉन पीक नाइट यांनी, आणि रचनाही रेल्वेच्या सिग्नलसारखीच होती. दिवसा खांबाचे हात आडवे झाले की थांबायचे, तिरके झाले की जपून पुढे जायचे. रात्री गॅसचे तांबडे आणि हिरवे दिवे. खांबापाशी एक पोलीस उभा राहून तो चालवी. महिनाही पुरा झाला नाही तोच, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला.

ही कथा बहुधा त्या स्फोटाची गंमत म्हणून सांगितली जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हा मोटार जन्माला आलेली नव्हती. हा सिग्नल घोडागाड्यांची आपसातली कोंडी सोडवण्यापुरता नव्हता. पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून तो होता. 'थांबा' याचा अर्थ, माणसांना जाऊ देण्यासाठी गाड्यांनी आणि घोड्यांनी थांबावे. 'जपून' याचा अर्थ, चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेकडे लक्ष ठेवून पुढे जावे. दोन्ही खुणा गाडीवाल्यासाठीच होत्या. चालणाऱ्याला थांबायला सांगणारी खूण त्या खांबावर नव्हती.

सायकल या गोष्टीत दहा वर्षांनी आली आणि कायद्यापुढे पेच पडला : ही गाडी की काय? १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सायकल ही गाडीच ठरवली, कारण भरधाव गाडी हाकल्याबद्दलचा दंड सायकलवाल्याला लावायचा होता. १८८८ च्या कायद्याने हे पक्के केले आणि रात्रीचा दिवा व घंटी यांची सक्ती केली. म्हणजे कायद्याशी सायकलची पहिली ओळख झाली ती दंडाच्या निमित्ताने. पुण्यात अण्णांच्या तरुणपणी वेगळे काय होते? कर भरल्याचा बिल्ला सायकलला हवा, रात्री दिवा हवा, आणि डबलसीट दिसले की पोलिसाची शिट्टी. कर आणि दंड यांपुरती सायकल कायद्याला नीट दिसत होती.

मोठी उलथापालथ झाली अमेरिकेत, १९२० च्या दशकात. मोटारींखाली माणसे, विशेषतः लहान मुले, इतकी मरू लागली की लोक खवळले. १९२३ साली सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजारांवर नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या : प्रत्येक मोटारीत असे यंत्र बसवा, की ती ताशी २५ मैलांपुढे धावणारच नाही. मोटारविक्रेते जागे झाले, प्रचाराला पैसा ओतला आणि तो प्रस्ताव मतदानात पडला. पुढे या धंद्याने प्रश्नच फिरवला. मोटार वेगाने का धावते, हा प्रश्न मागे पडून माणूस मध्ये का येतो, असे विचारले जाऊ लागले. त्यासाठी एक शिवी हाताशी होती, 'जेवॉकर'. 'जे' म्हणजे शहराच्या रीती न कळणारा गावंढळ. पूर्वी रस्त्यातून चालणे हे फक्त चालणे होते. आता ते अडाणीपणाचे लक्षण झाले. बालवीर पथकातली मुले रस्ता कुठूनही ओलांडणाऱ्यांच्या हातात समज देणारी कार्डे ठेवू लागली. १९२५ साली लॉस एंजेलिसने चालणाऱ्यांना ठरावीक जागीच ओलांडायला लावणारा नियम केला आणि १९२८ साली निघालेल्या नमुना नियमावलीतून तो विचार देशभर पोचला. १८६८ ते १९२८, साठच वर्षे. तेवढ्यात सिग्नलने तोंड फिरवले आणि थांबण्याची पाळी माणसावर आली.

आपल्याकडच्या कायद्यांची नावेच पाहा. १९१४, १९३९ आणि १९८८ चे तिन्ही कायदे मोटार वाहनांचे आहेत. चालणारा आणि सायकलवाला त्यांत येतात ते मोटारीच्या काचेतून दिसतात तसे. तरीही १९८९ च्या रस्ता नियमांत एक स्वच्छ कलम होते : चौकाजवळ किंवा पादचारी पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, आणि तिथल्या माणसांना धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय आत शिरू नये. अण्णांचा अपघात झाला तेव्हा हे कलम अमलात होते. त्यात पादचारी की सायकलस्वार असा भेद नव्हता. 'तिथल्या माणसांना' एवढेच होते.

दुसरीही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्लंडमध्ये १९८० साली क्रँक विरुद्ध ब्रुक्स या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. एक बाई सायकल हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून चालली होती आणि मोटारीने तिला धडक दिली. ती पादचारी नाही, असे खालच्या न्यायालयाने धरले. वरच्या न्यायालयाने ते उलटवले : दोन्ही पाय जमिनीवर टेकवून चालणारा माणूस पादचारीच, हातात सायकल आहे म्हणून तो वेगळा होत नाही. एक पाय पायंडलवर असता तर गोष्ट निराळी. परदेशी निकाल आपल्या न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतो, पण वाचून दाखवता येतो. आमच्या वकिलांना तो ठाऊक नव्हता. अण्णांना तो सांगायला मला जमले नाही, कारण मी वाचला तेव्हा ते नव्हते.

नोकरीमुळे माझी पुढची वर्षे कोलकात्यात गेली. तिथे २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी केली. दूधवाले, पेपरवाले, रोजंदारीवर जाणारे मजूर अशा ज्यांचे पोट सायकलवर होते, त्यांना ती आधी लागली. पुढे विरोध झाला आणि रस्त्यांची संख्या घटली. मुंबईत २००८ साली वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला. चालणाऱ्याची सोय म्हणून त्याचे स्वागत झाले, पण खाली गाडीला सपाट रस्ता आणि माणसाला मात्र जिना, हा हिशेब अधू पायाच्या माणसाला लगेच कळतो. अण्णांना तो जिना चढता आला नसता.

उलट दिशेचीही काही पावले पडली आहेत. २०१७ च्या नियमांनी सिग्नल नसलेल्या पट्ट्यांपाशी चालकाने थांबून चालणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीतल्यांना वाट द्यावी, असे स्पष्ट सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने पादचारी आणि बिनइंजिनाची वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. कोइमतूरच्या एका अस्थिशल्यविशारदाच्या जुन्या याचिकेवर ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम सहा महिन्यांत करा, असे राज्यांना बजावले. ब्रिटनने २०२२ मध्ये आपली वाहतूक संहिता बदलली. आता चौकात वळणाऱ्या चालकाने रस्ता ओलांडणाऱ्याला तर वाट द्यायचीच, पण ओलांडण्यासाठी कडेला उभ्या असलेल्यालाही द्यायची. दीडशे वर्षे फिरून कायदा त्या गॅसच्या खांबापाशी परत आला.

पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. एका वर्षी मी तिथे होतो. रस्त्याच्या मधोमध मुले रांगोळ्या काढत होती, म्हातारी माणसे खुर्च्या टाकून बसली होती. तिथून मी अलका चौकापर्यंत चालत गेलो. चौकाला सुट्टी नव्हती. डावीकडे वळणारी वाहने पट्ट्यांवरून न थांबता जात होती आणि कडेला आम्ही दहाबाराजण फट मिळण्याची वाट पाहत उभे होतो.

अण्णांच्या दाव्याची फाईल माझ्याकडे आहे. दावा केव्हाच संपला, त्यातले आता काही बदलायचे नाही. पण त्यातल्या नकाशावर पंचांनी चौक काढला आहे, पट्टे काढले आहेत, टेम्पो एका चौकोनाने दाखवला आहे आणि पट्ट्यांवर एक सायकल. तिच्याशेजारी माणूस काढलेला नाही.