आई दगड कशी ठरली?

“मराठी तर आम्हांस घरींच येते, मग ती शिकावयाची कशाला?” हा प्रश्न माझे विद्यार्थी मला पुष्कळदां विचारीत. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. त्या वेळीं मला नीटसें उत्तर सुचत नसे. तें पुढें सेवानिवृत्तींत, डेन्मार्क या चिमुकल्या देशाचा इतिहास वाचतांना सांपडलें. तेंच आज आपणांस सांगतों.

कोपनहेगनचें विद्यापीठ १४७९ सालीं स्थापन झालें. पुढें धर्मसुधारणा झाली, १५५० मध्यें संपूर्ण बायबल डॅनिश भाषेंत छापलें गेलें आणि देवळांत लोकभाषा आली. विद्यापीठांत मात्र लॅटिनचेंच राज्य राहिलें. तेथील एक प्राध्यापक लुड्विग होल्बर्ग यानें या विद्वत्तेची यथेच्छ थट्टा केली आहे. १७३१ मध्यें छापलेल्या त्याच्या ‘एरास्मुस मोंटानुस’ या नाटकांत रास्मुस बेर्ग नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा कोपनहेगनाहून शिकून येतो, तो स्वतःच्या नांवाचेंही लॅटिन करून येतो. दगडाला उडतां येत नाहीं, आईलाही उडतां येत नाहीं, सबब आई दगड आहे, असें तो तर्कानें सिद्ध करतो. आणि ती भोळी माउली खरोखरच रडूं लागते! आपण हंसतों खरे. पण आईला दगड ठरविणारी विद्या कशी असते, हें होल्बर्गला ठाऊक होतें.

शंभर वर्षांनंतरही फारसें पालटलें नव्हतें. १८४१ मध्यें सोरेन किर्केगार्ड या तत्त्वज्ञास आपला प्रबंध डॅनिश भाषेंत सादर करण्याकरितां प्रत्यक्ष राजाची अनुज्ञा मागावी लागली. ती मिळाली, तथापि प्रबंधावरील तोंडी वाद लॅटिनमध्येंच झाला.

आतां एक मौज पहा. होल्स्टाइन प्रांतांतील कील हें शहर तेव्हां डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होतें. पण तेथील भाषा जर्मन. त्या विद्यापीठांत १८११ मध्यें कवि येन्स बागेसेन याची डॅनिशचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. खुद्द कोपनहेगनांत मात्र उत्तरेकडील भाषांच्या पहिल्या प्राध्यापकपदावर एन. एम. पेटर्सन बसला तो १८४५ मध्यें! परक्यांस भाषा शिकवावी, आपल्यांस ती येतेच, हीच ती समजूत.

ही समजूत किती खोटी, हें रास्मुस रास्क या पंडितानें दाखवून दिलें होतें. प्राचीन नॉर्स भाषेच्या उगमावरील त्याचा डॅनिश ग्रंथ १८१८ मध्यें प्रसिद्ध झाला. आपल्या बोलीचें ग्रीक-लॅटिनशीं असलेलें नातें त्यानें नियमांनीं उलगडलें. १८२० मध्यें हा गृहस्थ इराणमार्गें आपल्या मुंबईस आला आणि पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथांचीं हस्तलिखितें मिळवून त्यानें तीं कोपनहेगनला नेलीं. घरीं बोलणें येतें. भाषेचें कूळ अभ्यासावांचून कळत नाहीं.

पण केवळ प्राध्यापकपदानेंही भागत नाहीं. कील येथें १८२६ पासून डॅनिश शिकविणारा क्रिस्त्यान फ्लोर यास हें उमगलें. उत्तर स्लेसविगमधील शेतकरी घरीं डॅनिश बोलत, पण सरकारदरबारीं जर्मन चाले. त्यांच्याकरितां १८४४ मध्यें ग्रुंटविग या धर्मोपदेशक कवीच्या कल्पनेस अनुसरून रॉडिंग गांवीं लोकविद्यालय निघालें. त्याच्या स्थापनेंत फ्लोरचा मोठा हात होता, आणि पुढच्याच वर्षीं तो त्याचा प्रमुख झाला. प्राध्यापक शेतकऱ्यांच्या मुलांत येऊन बसला! १८६४ च्या युद्धांत स्लेसविग गेलें. शाळेचें कार्य १८६५ मध्यें सरहद्दीपलीकडे आस्कोव्ह येथें सुरू झालें. परंतु घराघरांतील भाषा राहिली, आणि १९२० मध्यें उत्तर स्लेसविगनें मतदान करून डेन्मार्कमध्यें परत येणें पसंत केलें.

आज कोपनहेगनच्या विद्यापीठांत उच्च शिक्षणाचे कित्येक अभ्यासक्रम इंग्रजींतून चालतात. लॅटिन गेली, तिच्या जागीं दुसरी आली. आपल्याकडेही निराळें काय आहे? परभाषा अवश्य शिकावी. रास्क किती तरी शिकला. पण शिकून घरीं परत येणाऱ्या मुलानें आईला दगड ठरवूं नये, एवढेंच या म्हाताऱ्या मास्तराचें मागणें आहे.