घंटा, पत्ते आणि वर्गमूळ: न्यूयॉर्कच्या बंबांची गोष्ट

गेल्या शनिवारी सपोर्टची पाळी माझ्याकडे होती. एका क्लायंटचा लोड अचानक वाढला, म्हणून मी इकडचे दोन-तीन सर्व्हर तिकडे वळवले. तिकडचं काम निभावलं, पण इकडे दुसराच क्लायंट बोंबलायला लागला. मॅनेजरचं बोलणं खाल्लं, आणि घरी येऊन विचार करत बसलो की मोकळी माणसं नि यंत्रं कुठे उभी करायची हा प्रश्न आपल्या आधी कुणाला पडला असेल? शोधता शोधता थेट न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलापाशी पोचलो. सगळा रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, आधी जुनी पद्धत बघू. रस्त्याच्या कोपऱ्यावर लाल पेटी असायची. तिचा दांडा ओढला की तारेवरून त्या पेटीचा नंबर टपटपत जायचा आणि ठाण्यात तेवढे टोले पडायचे. प्रत्येक पेटीसाठी एक छापील पत्ता, म्हणजे कार्ड, तयार असायचं. पहिल्या अलार्मला कोणते पाण्याचे बंब आणि कोणत्या शिडीच्या गाड्या जायच्या, दुसऱ्याला कोण, असं पाचव्यापर्यंत. (आपल्याकडे मुंबईत 'लेव्हल ३ ची आग' असं पेपरात येतं, साधारण त्याच जातीचं.) मला त्या पत्त्यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यावर आगीकडे न जाणाऱ्या गाड्यांचीही नावं असायची. आग मोठी झाली की आसपासची ठाणी रिकामी पडतात. मग लांबची अमुक गाडी तमुक रिकाम्या ठाण्यात जाऊन उभी राहील, हे आधीच छापलेलं. आग विझवायची नाही, नुसतं दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं. यालाच रिलोकेशन म्हणतात.

ही पद्धत अनेक वर्षं उत्तम चालली. पण तिच्यात एक गृहीतक दडलेलं होतं: एका वेळी एकच मोठी आग लागेल. साठच्या दशकात ब्राँक्स आणि ब्रुकलिनच्या काही भागांत ते कोसळलं. जुन्या इमारती, पडीक घरं, जाळपोळ, वर खोटे अलार्म. दशक संपता संपता शहरात वर्षाला दोन लाखांहून जास्त अलार्म यायला लागले. आता पत्त्यावर लिहिलंय की अमुक गाडी तमुक ठाण्यात जाऊन बसेल, पण ती गाडीच तिसऱ्या आगीवर गेलेली! मग डिस्पॅचर बिचारा फळीवर नजर ठेवून डोक्यातल्या डोक्यात गणित करणार, तेही फोन घणघणत असताना.

१९६८ च्या सुमाराला महापौर जॉन लिंडसे यांनी रँड कॉर्पोरेशनला बोलावलं. रँड म्हणजे अमेरिकन हवाई दलासाठी अण्वस्त्रांच्या डावपेचांचा अभ्यास करणारी संस्था. १९६९ मध्ये खास शहरासाठी न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथल्या गणितज्ञांना दलाचे प्रमुख जॉन ओ'हॅगन यांचा भक्कम पाठिंबा होता.

या मंडळींनी जे शोधलं त्यातलं पहिलं इतकं साधं आहे की कॉलेजात कुणी शिकवलं कसं नाही याचा राग येतो. पीटर कोलेसर आणि एडवर्ड ब्लम यांनी दाखवलं की एखाद्या भागात सगळ्यात जवळच्या गाडीचं सरासरी अंतर हे, भागाचं क्षेत्रफळ भागिले मोकळ्या गाड्यांची संख्या, याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतं. आता आकडे घालून बघा. १६ गाड्या आहेत, एक गेली, १५ राहिल्या: अंतर जेमतेम ३ टक्के वाढलं. कुणाला कळणारही नाही. १२ गेल्या, ४ राहिल्या: अंतर दुप्पट. आणि दोनातली एक गेली तर एका झटक्यात ४१ टक्के वाढ. म्हणजे पहिल्या गाड्या जाताना काही वाटत नाही, शेवटच्या जाताना जीव जातो. माझ्या शनिवारच्या गोंधळाचं उत्तर इथेच होतं. मी शेवटचे सर्व्हर उचलले होते.

मग कोलेसर आणि वॉरन वॉकर यांनी १९७४ मध्ये रिलोकेशनचा अल्गोरिदम मांडला. त्याची कल्पना अशी. शहराचे छोटे छोटे भाग पाडा. प्रत्येक भागाला सगळ्यात जवळची अशी दोन-तीन ठाणी असतात. ती सगळीच्या सगळी रिकामी झाली की तो भाग उघडा पडला. कॉम्प्युटरने आधी उघडे भाग शोधायचे. मग कमीत कमी किती रिकामी ठाणी भरली तर सगळे भाग झाकले जातील ते ठरवायचं. मग गाडी कुठून उचलायची? जिथून उचलल्याने मागे राहिलेल्यांचं नुकसान सगळ्यात कमी होईल तिथून, आणि त्यामुळे तिथला भाग उघडा पडता कामा नये. शेवटी कुणी कुठे जायचं ते असं जुळवायचं की एकूण प्रवास कमीत कमी व्हावा.

अल्गोरिदमवाल्यांना दुसऱ्या पायरीत 'सेट कव्हर' दिसला असेलच. अचूक उत्तर काढायला त्या काळच्या मशीनला परवडणारा वेळ नव्हता, आग थांबत नाही. म्हणून त्यांनी सरळ 'बऱ्यापैकी चांगलं' उत्तर चटकन देणारे ठोकताळे वापरले. मला हे फार आवडलं. या कामाला ऑपरेशन्स रिसर्चमधलं मानाचं लँचेस्टर पारितोषिक मिळालं, आणि पुढे हे रिलोकेशन दलाच्या संगणकीय डिस्पॅचचा भाग झालं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पुढची नाही.

शहराकडे पैसे नव्हते. १९७२ पासून काही कंपन्या (तिकडे गाडी अधिक तिची माणसं याला कंपनी म्हणतात) बंद झाल्या, काही हलवल्या, आणि १९७५ च्या आर्थिक संकटात अजून कात्री लागली. कुठली कंपनी बंद करायची हे ठरवताना रँडची मॉडेल्स वापरली गेली. आता वरचं वर्गमूळ परत आठवा. दाट वस्तीत ठाणी जवळजवळ असतात. तिथली एक काढली तर कागदावर प्रवासाचा वेळ थोडासाच वाढतो. विरळ, सुखवस्तू भागातली काढली तर बराच वाढतो. म्हणजे सूत्र बोट दाखवणार दाट भागाकडे, आणि आगी लागत होत्या नेमक्या तिथेच. तिथे ठाणी जवळजवळ होती कारण तिथे कामच तेवढं होतं.

सूत्रातला छेद हा 'मोकळ्या' गाड्यांचा आहे, 'एकूण' गाड्यांचा नाही. मूळ पेपरात हे स्पष्ट आहे. पण जिथे गाड्या दिवसरात्र बाहेरच असतात तिथे जवळच्या ठाण्यापासूनचं अंतर मोजून काय उपयोग? ती गाडी घरी असेल तर ना! शिवाय मोजला जात होता तो पोचायचा वेळ. किती घरं जळाली, किती माणसं बेघर झाली, हे त्या सूत्रात कुठेच नव्हतं.

डेबोरा आणि रॉड्रिक वॉलेस यांनी या मॉडेल्सवर वर्षानुवर्षं कडक टीका केली, १९९८ मध्ये पुस्तकही लिहिलं. जो फ्लड यांचं २०१० चं 'द फायर्स' हे पुस्तक तर याच विषयावर आहे. वजनदार लोकांच्या वस्तीतली ठाणी मॉडेल काहीही म्हणो, वाचायची, असंही फ्लड दाखवतात. त्यांनीच दिलेला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या ७ जनगणना विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओस पडून नाहीशा झाल्या. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी यांकी स्टेडियमजवळची आग देशाने टीव्हीवर पाहिली. ('ब्राँक्स जळतंय' हे त्या समालोचकाच्या तोंडी घातलेलं वाक्य तो म्हणालाच नव्हता, पण ते चिकटलं ते चिकटलंच.)

सगळा दोष गणिताचा, असं मला म्हणायचं नाही. जाळपोळ, घरमालक, बँका, सगळे होते. पण आम्ही इंजिनियर लोक 'मॉडेल फक्त सल्ला देतं, निर्णय मॅनेजमेंटचा' असं म्हणून हात झटकतो ना, ते मला हल्ली तेवढं पटत नाही. कुठला आकडा कमी करायचा हे आम्हीच निवडलेलं असतं.

आणि गंमत बघा, रिलोकेशनचा मूळ विचार मात्र टिकला. ११ सप्टेंबर २००१ ला दलाच्या जवळपास निम्म्या गाड्या एकाच जागी गेल्या. त्यात ३४३ जवान गेले. उरलेल्या गाड्या शहरभर पसरवून डिस्पॅचरनी बाकीचे कॉल चालू ठेवले. त्या दिवशी इतर आगींना पोचायचा सरासरी वेळ वाढला तो साधारण एक मिनिट.