निजायच्या खोलीतली प्रयोगशाळा

श्रोतेहो, प्रयोगशाळा म्हटली की मोठी इमारत आणि काचेची कपाटे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आजची हकीकत आहे ती निजायच्या खोलीत थाटलेल्या प्रयोगशाळेची.

इटलीतील तूरिन शहरच्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी १९३६ साली वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. मज्जातंतूंचा अभ्यास करायचा त्यांना ध्यास. पण त्या पडल्या ज्यू. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि विद्यापीठाचे दार त्यांना बंद झाले.

मग १९४० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रीताबाईंनी घरातच काम मांडले. सूक्ष्मदर्शक, अंडी उबवायची पेटी, घड्याळजीचा चिमटा आणि शिवणाच्या सुया घासून केलेल्या बारीक सुऱ्या, एवढा संसार. त्यांचे गुरू प्राध्यापक जुझेप्पे लेव्ही यांचीही नोकरी गेली होती. ते पुढे शिष्येच्या मदतीला आले!

प्रश्न काय होता? अंड्यातल्या पिलाच्या अवयवाचा कोंब कापला, तर त्या अवयवाकडे जाणाऱ्या मज्जापेशी कमी भरतात. अमेरिकेतील व्हिक्टर हँबर्गर यांना वाटले, त्या पेशी तयारच होत नसाव्यात. या दोघांना दिसले ते निराळेच: पेशी तयार होतात, पण अवयवाकडून जे मिळायचे ते न मिळाल्याने मरतात.

शहरावर बाँब पडू लागले, तेव्हा १९४२ साली हे बिऱ्हाड खेड्यात गेले. अंड्यांची टंचाई. रीताबाई सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार जात आणि ‘मुलांसाठी हवीत’ म्हणून अंडी मागत. मूल तर घरात एकही नव्हते! उरलेल्या अंड्यांचे घरी आम्लेट होई. हे कळताच भावाने आम्लेट खाणेच सोडले.

१९४३ साली जर्मन सैन्य आले आणि त्यांना फ्लॉरेन्समध्ये लपून राहावे लागले. युद्धानंतर त्याच हँबर्गरांनी त्यांना सेंट लुईसला बोलावले. मज्जापेशींना वाढवणारा पदार्थ तेथे सापडला आणि १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १०३ वर्षांचे आयुष्य लाभून २०१२ साली त्या निवर्तल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत साधने नाहीत ही तक्रार खरी आहे, ती जरूर करावी. रीताबाईंपाशीही शिक्षण होते, गुरू होते, सूक्ष्मदर्शक होता. पण खुडूक कोंबडी तर गावोगाव असते ना? तिच्याखालचे अंडे पाचव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे धरा. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसेल. मुलांना ते पाहू द्या, आणि त्यांचे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा.