वहाण, वादी, आरी : पादत्राणविषयक कांहीं शब्द

पायांचें वाहन ती वहाण, अशी व्युत्पत्ति कित्येकदां ऐकूं येते. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ‘वाहन’ नपुंसकलिंगी, ‘वहाण’ स्त्रीलिंगी; आणि संस्कृत ‘उपानह्’ हाहि शब्द स्त्रीलिंगीच. उप + नह् म्हणजे लगत बांधणें. पालींत ह व न ह्यांची अदलाबदल होऊन ‘उपाहना’ झालें, प्राकृतांत ‘उवाहणा’ व ‘वाहणा’, आणि त्यावरून आपली वहाण. ही पूर्वीं केवळ कातड्याचीच नसे, पाणिनीच्या ५.१.१४ ह्या सूत्रावर काशिकेंत उपानहाचें द्रव्य म्हणून मुंज गवताचें उदाहरण आहे.

तयार जोड्याचीं नांवें मात्र राज्यांबरोबर फिरलीं. खानदेशांत १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकींचा अंमल, मागून मोंगलांचा. दरबारी भाषा फारसी. ‘पायपोस’ व ‘पैजार’ हे दोन्ही शब्द त्याच भाषेचे. पायपोस आतां पायांतून गेला. कोणाचा पायपोस कोणाच्या पायांत नाहीं, एवढ्या बोलण्यापुरता उरला. ‘सपाता’ पोर्तुगीज, ‘बूट’ इंग्रजी. इकडील ‘खासडें’ गुजराती ‘खासडुं’शीं जुळतें, आणि तापीकांठच्या मुलखांत तें साहजिकच होय.

हत्यारांची गोष्ट निराळी. ऋग्वेदांत (६.५३) पूषन् देवाच्या हातीं ‘आरा’ आहे. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत तीच कातडें भेदणारें हत्यार म्हणून येते, आणि कातडें टोंचणारा कारागीर आजहि तिला ‘आरी’ म्हणतो. वहाणेची ‘वादी’ ती संस्कृत ‘वर्ध्री’. येथेंहि लिंग पालटलें नाहीं. ‘चांभार’ हा चर्मकार, हें उघडच आहे. ‘मोची’ मात्र पायांतील मोज्याचा भाऊबंद. दोन्ही शब्दांच्या मुळाशीं उंच जोड्याचा वाचक असा एकच इराणी शब्द आहे. आरी वेदांतली आणि ती चालविणाऱ्याचें नांव इराणांतलें, असा हा मौजेचा योग!

ज्या शब्दांस पंडितांनीं विटाळाच्या कल्पनेनें दूर ठेविलें, त्यांनींच पंडितांची भाषा जतन केली आहे. दप्तरांत विकत घेतलेल्या जोड्याची नोंद सांपडेल, आरीची क्वचित्. ती कारागिराच्या तोंडीं आहे. आणि चिकटविलेल्या रबरी तळांच्या तयार चपलांनीं तिचें काम पुष्कळ कमी केलें आहे. धुळें व जळगांव जिल्ह्यांतील वृद्ध चर्मकारांकडे जाऊन आरी, रापी, वादी, हीं व अशीं सर्व नांवें त्यांच्याच उच्चारांत, लिंगासह व अहिराणी रूपांसह, उतरून घ्यावींत, अशी आमची अभ्यासकांस विनंति आहे.