सेवानोंदीतील राहिलेली पदके : माजी सैनिकांसाठी दुरुस्तीची प्रक्रिया

माजी सैनिकाला मिळालेले, किंवा नियमाप्रमाणे मिळायला हवे असलेले, पदक त्याच्या सेवानोंदीत नसेल तर ती नोंद पुरी करून घेण्याची ही प्रशासकीय प्रक्रिया आहे. अर्ज सैनिक स्वतः करतो. त्याच्या पश्चात पत्नी किंवा वारस करू शकतात. नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांपैकी कोणालाही नाही. तो सैनिकाच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागात सरकारी कामाची वाट तालुक्याच्या गावाकडेच जाते असे गृहीत धरले जाते, त्यामुळे अर्ज बऱ्याचदा चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

भूदलातील जवान आणि ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर यांची मूळ नोंद ‘शीट रोल’ या कागदावर असते. भरतीची तारीख, आर्मी नंबर, घरचा पत्ता, पलटणी, बढत्या, शिक्षा, जखमा, वारसांची नावे आणि पदके हे सगळे त्यात येते. सैनिक बाहेर पडताना त्याच्या हाती डिस्चार्ज बुक दिले जाते. त्यातला मजकूर शीट रोलवरूनच उतरवलेला असतो. शीट रोलवर मात्र कोणीही थेट लिहीत नाही. पलटण आधी ‘पार्ट टू ऑर्डर’ काढते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारे नोंद चढते. शीट रोल हा सैनिकाचा सातबारा मानला, तर पार्ट टू ऑर्डर म्हणजे फेरफार : फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव लागत नाही, मग जमीन कसणारा कोणीही असो. राहिलेल्या पदकाचा शोध म्हणूनच लढाईच्या आठवणींपासून सुरू करण्यापेक्षा या ऑर्डरपासून सुरू करणे फलदायी ठरते.

पदकांचे ढोबळ दोन वर्ग पडतात आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ते अगदी वेगळे वागतात. पहिला वर्ग शौर्यपदकांचा. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानली गेली. अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आणि सेना पदक हीही याच वर्गातली. दुसरा वर्ग सेवापदकांचा. विशिष्ट काळात, विशिष्ट ठिकाणी किंवा ठरावीक मुदतीपर्यंत सेवा केली की ती मिळतात. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. शौर्यपदक व्यक्तीला निवडून दिले जाते, सेवापदक अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाचे असते. नोंदीतून गळलेली बहुतेक पदके दुसऱ्या वर्गातली असतात, आणि दुरुस्ती शक्य होते तीही प्रामुख्याने त्यांचीच.

सेवापदकांची यादी जुन्या सैनिकाला स्वतःलाही पाठ नसते. जनरल सर्व्हिस मेडल 1947 या एकाच पदकावर जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, गोवा 1961, लडाख 1962, नेफा 1962 असे वेगवेगळे क्लॅस्प, म्हणजे फितीवरच्या पट्ट्या, लागतात. पदक एकच, पण प्रत्येक मोहिमेचा क्लॅस्प वेगळा नोंदवावा लागतो. 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल अशी दोन पदके निघाली. समर सेवा स्टार युद्धक्षेत्रात असणाऱ्यांसाठी होता. रक्षा मेडलसाठी आघाडीवर असण्याची गरज नव्हती. 5 ऑगस्ट 1965 रोजी 180 दिवसांची सेवा पुरी झालेली असणे पुरेसे होते. 1971 साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरला लढली. तिच्या जवानाच्या नोंदीत पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन्ही असायला हवीत. यांशिवाय अवघड प्रदेशातल्या सेवेसाठी सैन्य सेवा मेडल, परदेशातल्या कामगिरीसाठी विदेश सेवा मेडल, 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेची पदके, आणि 1972, 1997 व 2022 च्या 15 ऑगस्टला सेवेत असलेल्यांसाठी स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनाची पदके आहेत. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, 2001-02 च्या सीमेवरील जमवाजमवीसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल. ही शेवटची तिन्ही पदके आजच्या पन्नाशी-साठीतल्या माजी सैनिकांच्या नोंदीत तपासून पाहण्याजोगी आहेत.

नोंद राहून जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. पदक युद्ध संपल्यावर स्थापन होते. 1965 ची पदके 1967 साली जाहीर झाली. मधल्या काळात सैनिक घरी गेलेला असला तर त्याच्यासाठी दावा पाठवायला पलटणीत कोणी उरत नाही. दुसऱ्या पलटणीला तात्पुरते जोडलेले जवान, इस्पितळातून थेट डेपोत गेलेले जखमी, मोहिमेच्या मधोमध बदली झालेले, यांची नावे दोन याद्यांच्या मध्ये हरवतात : जुनी पलटण म्हणते नव्या पलटणीने पाठवले असेल, नवी म्हणते जुन्या पलटणीने. काही वेळा पार्ट टू ऑर्डर निघते पण आर्मी नंबरातला एक आकडा चुकतो आणि नोंद भलत्याच शीट रोलवर जाते. पदके तयार होण्यातला विलंब ही आणखी वेगळी बाब. हक्क नोंदला गेलेला असतो, पण प्रत्यक्ष पदक हाती पडत नाही. तोवर लष्करी सामानाच्या दुकानातून नक्कल विकत घेऊन छातीवर लावणारे सैनिक पुष्कळ आहेत. अशा वेळी नोंदीत दोष नसतो, मागणी फक्त पदक मिळण्यापुरती करायची असते. अर्जात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की उत्तरही तसेच मोघम येते.

पुराव्यात पहिले स्थान डिस्चार्ज बुकचे. त्यातल्या पलटणी आणि तारखा पदकाच्या अटींशी जुळल्या तर अर्धे काम तिथेच होते. घरात एखादे पदक असेल तर त्याची कड नीट पाहावी. भारतीय सेवापदकांच्या कडेवर साधारणपणे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि पदक दिल्याचा तो स्वतंत्र पुरावा होतो. पलटणीतून आलेली पत्रे, बदलीचे आदेश, इस्पितळाचे कागद उपयोगी पडतात. गटाने काढलेले फोटो आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आधाराला घेता येतात, मात्र केवळ त्यांच्यावर दुरुस्ती होत नाही.

अर्ज कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल हे सैनिकाच्या कोअरवरून ठरते, गावावरून नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला, तर सिग्नल्सचे जबलपूरला. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला असल्याने वाशिंद, आसनगाव, खर्डी या पट्ट्यातल्या गनरांना ते त्यातल्या त्यात जवळचे : कसाऱ्याचा घाट ओलांडला की झाले. नौदलाच्या खलाशांची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दजवळच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे आणि हवाईदलाच्या वायुसैनिकांची दिल्लीत सुब्रतो पार्कला असतात. भूदलाच्या अधिकाऱ्यांचे काम दिल्लीतील लष्करी मुख्यालयातून चालते.

अर्ज टपालाने पाठवता येतो आणि त्यासाठी प्रवासाची गरज नाही. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरती व डिस्चार्जच्या तारखा, संबंधित काळातली पलटण आणि हव्या असलेल्या पदकाचे नेमके नाव एवढे एका पानात मावते. ‘सर्व राहिलेली पदके द्यावीत’ असे लिहिलेला अर्ज वाचणाऱ्या कारकुनाला काहीच सांगत नाही. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज तपासून, शिफारशीसह पुढे पाठवते. माजी सैनिक किंवा विधवा म्हणून असलेले ओळखपत्रही तेथूनच मिळते. त्याच्या वर पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. वाशिंदकरांना ठाण्याला लोकल आहे. मुरबाड तालुक्यात रेल्वे नसल्याने तिथल्या वृद्ध सैनिकाला किंवा विधवेला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. टपालाची सोय त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाची.

नाव आणि पत्ता यांतली तफावत हा ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणांत हमखास येणारा अडथळा आहे. भरतीच्या वेळी परप्रांतीय कारकुनाने ऐकू आले तसे इंग्रजी स्पेलिंग लिहिलेले असते. आधार कार्डावरचे वेगळे, बँकेतले तिसरेच. वाशिंदचेच नाव रेल्वे इंग्रजीत ‘वासिंद’ असे लिहिते. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे शहापूरच्या शेजारच्या वाडा किंवा मोखाडा तालुक्यातील सैनिकाचा घरचा जिल्हा जुन्या नोंदीत ठाणे आणि आजच्या कागदांत पालघर दिसतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आणि शाळेचा दाखला जोडून हा प्रश्न आधीच मिटवलेला बरा; पदकाच्या अर्जाला पहिले उत्तर ‘ओळख पटवा’ असे आले तर महिने जातात.

रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर ‘कागदपत्रे नष्ट केली आहेत’ असेही येऊ शकते, आणि ते नियमाला धरून असते. निवृत्तिवेतन न घेणाऱ्या सैनिकाची सेवाकागदपत्रे 25 वर्षांनंतर नष्ट करण्याची तरतूद आहे. 1962 नंतरच्या मोठ्या भरतीत घेतलेले आणि काही वर्षांनी निवृत्तिवेतनाशिवाय घरी परतलेले जवान या नियमात सापडतात. त्यांचा ‘लाँग रोल’ मात्र कायम जपला जातो. एका सैनिकाला एक ओळ असा तो मोठा नोंदग्रंथ. त्या ओळीवरून सेवा झाली हे सिद्ध होते, कोणत्या आघाडीवर झाली हे सहसा होत नाही. अशा प्रकरणात घरच्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक हाच मुख्य दस्तऐवज उरतो. ते वाळवीने खाल्लेले असेल तर दावा फार पुढे जात नाही.

आपल्याच नोंदीची प्रत मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हा सरळ मार्ग आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. शीट रोल, लाँग रोलमधील नोंद आणि संबंधित पार्ट टू ऑर्डर यांच्या प्रती आधी मागवून मग दुरुस्तीचा अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे, कारण नोंद कुठे तुटली ते अर्जदाराला आधीच कळते. पलटणीची युद्धदैनंदिनी हाही पुरावा असतो. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार असे अभिलेख साधारण 25 वर्षांनी खुले करण्याची तरतूद आहे, पण त्यांत प्रत्येक जवानाचे नाव सापडेल अशी अपेक्षा धरू नये.

शौर्यपदकाचे प्रकरण वेगळ्या वाटेने जाते. त्याची अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयाकडून भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. ती असेल आणि शीट रोलवर पदक नसेल, तर राजपत्राची प्रत पुरेशी ठरते. अशी दुरुस्ती पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाची : 1 ऑगस्ट 2017 पासून परमवीर चक्राला दरमहा 20,000, महावीर चक्राला 10,000, वीर चक्राला 7,000 आणि शौर्यासाठीच्या सेना पदकाला 2,000 रुपये भत्ता लागू झाला. सेवापदकांना असा भत्ता नाही. राजपत्रात नावच नसेल, म्हणजे शिफारस झाली पण पदक मिळाले नाही किंवा शिफारसच झाली नाही, तर तो सेवानोंदीतला दोष मानला जात नाही. युद्धानंतर अनेक वर्षांनी नव्या शिफारशी न स्वीकारण्याचे धोरण आहे. अनेक कुटुंबांचे खरे दुःख इथेच असते, आणि या प्रक्रियेत त्यावर उपाय नाही. नागरी सन्मानांचा लष्करी नोंदीशी संबंध नसतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि 1972 साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली. तो विलंब क्रीडा आणि नागरी सन्मानांच्या व्यवस्थेतला होता, रेकॉर्ड ऑफिसमधला नव्हे.

रेकॉर्ड ऑफिस आणि मुख्यालय यांनी नकार दिला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण 2009 पासून काम करते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्यातले उपाय संपवावे लागतात, अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. वकील न देता स्वतः उभे राहण्याची मुभा आहे. लढाईच्या नोंदींनाही न्यायाधिकरणात आव्हान देता येते हे 2010 मध्ये दिसले : कारगिल युद्धात बटालिक भागात ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या अर्जावर, वरिष्ठांचा अहवाल पक्षपाती असल्याचे मान्य करून नोंद सुधारण्याचे निर्देश दिले गेले. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले.

अमेरिकेत याच कामासाठी प्रत्येक सेनादलाशी जोडलेली, नागरिक सदस्यांची स्वतंत्र दुरुस्ती मंडळे आहेत. तिथली अडचण वेगळी : 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत 1 कोटी 60 लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या, आणि तेव्हापासून पगारपत्रके व इस्पितळाच्या नोंदींवरून सेवा पुन्हा जुळवली जाते. भारतात असे वेगळे मंडळ नाही. ज्या कार्यालयाने नोंद ठेवली तेच ती दुरुस्त करते.

दुरुस्ती मान्य झाली की पार्ट टू ऑर्डर निघते, शीट रोलवर नोंद चढते आणि डिस्चार्ज बुकवर शिक्क्यासह लिहून मिळते. त्यासाठी मूळ पुस्तक पाठवावे लागले तर आधी प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत काढून ठेवावी. प्रत्यक्ष पदक साठ्यानुसार, कधी बऱ्याच उशिराने, येते. पूर्वी मिळालेले पदक हरवले असेल तर पोलिसांतील नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडून, किंमत भरून दुसरे मागता येते. सैनिक हयात नसल्यास पत्नीने निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, आणि इतर वारसांनी वारस दाखला जोडायचा असतो.