गिरणीपासून विद्यापीठापर्यंत : मुंबईतील वस्त्रशिक्षण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केल्यानंतर शहरात गिरण्या झपाट्याने वाढल्या आणि कताई, विणाई, रंगाई जाणणाऱ्या तंत्रज्ञांची गरज भासू लागली. ती भागवण्यासाठी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तेथे ताणा म्हणजे मागावरील उभे धागे आणि बाणा म्हणजे त्यांतून जाणारे आडवे धागे यांचे परंपरागत ज्ञान अभ्यासक्रमात बांधले गेले. मात्र हे शिक्षण कापड निर्माण करण्यापुरते होते. कापडाचा पेहराव कसा घडतो, हा विषय स्त्रियांच्या शिक्षणातून पुढे आला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला लाभले; गिरणीतून आलेले धन अशा रीतीने स्त्रीशिक्षणाच्या कामी आले. पुढे गृहविज्ञान, म्हणजे आहार, बालसंगोपन व वस्त्रे यांचा शास्त्रीय अभ्यास, या शाखेने शिवणकलेला विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली.

पुढे वस्त्ररचनेचे शिक्षण मुंबईबाहेर देशपातळीवरही गेले : केंद्र सरकारने १९८६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन केली आणि २००६ च्या कायद्याने तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. गिरणीतील तंत्र आणि घरातील सुईदोरा या दोन्ही परंपरांचे ऋण मानल्याशिवाय आजच्या वस्त्ररचनेच्या अध्यापनाचा इतिहास पूर्ण होत नाही.