नाव, वारसा आणि कुटुंब : दोन आफ्रिकी-अमेरिकी कथांचा ऐतिहासिक विचार

अमेरिकेतील गुलामगिरीने कृष्णवर्णीयांचे श्रम हिरावले, तसेच त्यांचे कुटुंबही अमान्य केले. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती. पती, पत्नी व मुले वेगवेगळ्या मालकांना विकली जात. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर ताटातूट झालेल्या आप्तांच्या शोधार्थ वृत्तपत्रांतून जाहिराती प्रसिद्ध होत राहिल्या. या पार्श्वभूमीवर आफ्रिकी-अमेरिकी कथेत नावाचा प्रश्न हा कुटुंबाचाच प्रश्न ठरतो.

चार्ल्स चेस्नट यांची ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ ही कथा १८९८ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त प्रसिद्ध झाली. उत्तरेकडील एका शहरात गोरटेल्या मिश्रवंशीयांच्या प्रतिष्ठित मंडळाचा अग्रणी असलेला रायडर एका तरुण विधवेस मागणी घालण्याच्या बेतात असतो. त्याच दिवशी लायझा जेन ही वृद्ध, काळी स्त्री आपल्या पतीचा, सॅम टेलरचा, शोध घेत त्याच्या दारी येते. ती पंचवीस वर्षे त्याला शोधत असते. रायडर हाच तो सॅम. त्याची विक्री होणार असल्याचे तिने त्याला आधीच कळवले होते, म्हणून तो निसटला. तिला मात्र त्यापायी फटके खावे लागले आणि ती विकली गेली. कायद्याने तो मोकळा असतो. तरीही भर मेजवानीत तो तिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत हाच संघर्ष उलट दिशेने येतो. १९६० नंतरच्या काळात अनेक कृष्णवर्णीयांनी आफ्रिकी वा मुस्लिम नावे स्वीकारली. कथेतील शिकलेली डी ही ‘वांगेरो’ होऊन माहेरी येते. जुने नाव जुलूम करणाऱ्यांचे आहे, असे ती म्हणते. आई मात्र ते नाव मावशी व आजीपर्यंत नेऊन पोहोचवते. आजीच्या जुन्या गोधड्या डीला भिंतीवर टांगण्यासाठी हव्या असतात. आई त्या धाकट्या मॅगीला देते. कारण गोधडी शिवण्याची कला आजीकडून मॅगीनेच घेतलेली असते.

नामांतरामागील मुक्तीची आकांक्षा दोन्ही कथा नाकारत नाहीत. परंतु दास्यातील नावाला ज्यांनी मायेने हाक मारली, त्यांचे ऋण नावाबरोबर टाकून देता येत नाही, हे त्या दाखवून देतात. कायद्याने जे नाते कधी नोंदवलेच नाही, त्याची साक्ष माणसांनीच द्यावयाची असते. वारशाचा खरा अर्थ या साक्षीत आहे.